"चालून दाखव" म्हणाले तेव्हा

आमच्या गल्लीत आता दुधाची पिशवी आणायलाही मोटारसायकल निघते. दुकान कुठे? कोपऱ्यावर! मी विचारते, "काऊन रे बाप्पा, पाय गहाण ठेवले काय?" पोट्टे हसतात. हसा म्हणावं. रोज तीन कोस सायकल मारलेली बाई आहे मी, आणि तीही एका पायाने अधू.

लहानपणीच्या तापात डावा पाय गुडघ्याखाली बारीक झाला. चालताना मी एका बाजूला झुकते. एसटीची पायरी मला उंच पडायची, आणि मी चढेस्तोवर कंडक्टर घंटी वाजवून मोकळा. म्हणून आमच्या केळझरहून आडवाटेच्या एका गावात मास्तरणीची नोकरी लागली, तेव्हा मी पगारातून आधी सायकल घेतली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. लोक म्हणाले, लंगडी सायकलवर कशी बसेल? अरे, सायकलवर बसल्यावरच तर मी लंगडी नव्हते!

पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी भरायची की चाक फिरेना. मी उतरायची, काडीने खरवडायची आणि पुढे निघायची. वर्षभरात पोटरीत मांस भरलं. वैद्याच्या तेलाने झालं नाही ते पायडलने केलं. कोणाच्या शेतात वेचणीला बाया लागल्या, कोणाची म्हैस व्याली, सगळं मला वाटेतच कळायचं. कोणाची वाट पाहायची नाही, कोणाला "सोडता का" म्हणायचं नाही. बिनमेहरबानीचं जगणं होतं ते, आणि मला ते जिवापाड आवडायचं.

अशात वर्ध्याला अगदी लागून असलेल्या पिपरी मेघेचं एक स्थळ आलं. मुलगा वर्ध्याला कचेरीत होता. आई लवकर गेल्यामुळे आमच्या घरात आत्याचं चालायचं. तिने बेत केला: पाहुणे यायच्या आधीच मला सतरंजीवर बसवायचं, पोहे वहिनीने आणायचे, पाहुणे जाईपर्यंत मी जागची हलायचंच नाही.

"अन् लग्नात दिसलं तं?" मी विचारलं.

"एकदा अक्षता पडल्या का झालं. तू उठजो नको म्हणजे झालं, माय."

बाबांनी तर ठरवूनच टाकलं होतं. जमलं की नोकरी सोडायची आणि सायकल धाकट्या भावाला द्यायची. मला कोणी विचारलं नाही. सगळे देव पाण्यात घालून बसले होते की जमावं, आणि मला धास्ती होती की जमेल.

पाहुणे आले. वहिनीने चहा-पोहे पुढे ठेवले. इकडचं तिकडचं झालं, आणि मुलाचे काका म्हणाले, "पोरी, जरा चालून दाखव बरं."

तेव्हा असं सगळीकडेच सांगायचे. बाजारात बैल चालवून पाहतात ना, तसं. आत्या घाईघाईने म्हणाली, "अवो, पाय मुरगळला तिचा, कालच."

माझं डोकं सणकलं. मी उठले. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, जशी चालते तशी. भिंतीला हात लावला नाही.

"कालचं नाई," मी म्हटलं, "लहानपणचं हाय हे."

काकांनी तोंडातली सुपारी गालात सारली. मग उपकार केल्यासारखे बाबांना म्हणाले, "सांभाळून घेऊ आम्ही. पण नोकरी बंद, सायकल बंद. घरची सून गावोगाव हिंडते, बरं नाई दिसत. अन् पोराले एक स्कूटर द्या. कचेरी लांब पडते त्याले."

बाबांनी हात जोडले. "हाव, हाव. सायकल उद्याच देऊन टाकतो आमच्या धाकट्या पोराले."

मग मात्र माझा तोल गेला.

"लांब? पिपरीहून वर्धा लांब? तुमच्या पोराचे दोन्ही पाय धड हायेत, तरी त्याले स्कूटर पाहिजे. अन् मी असा पाय घेऊन रोज तीन कोस जाते, तं माही सायकल बंद? आता त्याले सांगा चालून दाखवाले!"

मुलाची चहाची बशी ओठाशी तशीच राहिली. दाराआड वहिनीला हसू फुटलं. काका ताडकन उठले. "भाऊ, आवरा आपल्या पोरीले!"

बाबा पाहुण्यांपुढे कधी वर मान करून बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जोडलेले हात हळूच खाली घेतले.

"कायले आवरू?" ते म्हणाले. "खोटं काय बोलली ते? उद्या तिच्या शाळेतले लेकरं वाट पाहतीन. तुम्ही पोहे घ्या, थंडे होऊन राह्यले."

त्यांनी घेतले नाहीत. मग आम्हीच बसून संपवले, आत्याने रडत रडत आणि मी दोनदा मागून घेऊन.