तळघराला दुसरं दार

रुकमिन बिसनाथच्या तळघरात चैत्राम राहतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. हसू नका. क्वीन्समधल्या आमच्या या गल्लीत निम्म्या घरांच्या खाली कुणी ना कुणी असतंच. कुणाचा मेहुणा, कुणाची नुकतीच विमानातून उतरलेली भाची. गयानात आमची घरं खांबांवर असायची. खालच्या मोकळ्या जागेत झोळी टांगायची, चूल मांडायची, आला-गेला तिथेच आडवा व्हायचा. कोण विचारणार? इथे आलो तर घराखाली जमिनीतच खोली! मग आम्ही तिथेही माणूस ठेवला. इथे मात्र तो गुन्हा निघाला.

रुकमिनचं घर माझ्या समोर. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली, तेव्हा कुठे ते घर झालं. नवरा हरिलाल लवकर गेला. चैत्राम त्याचा दोस्त, वयाने रुकमिनपेक्षा लहान, रोटीच्या दुकानात पहाटेपासून कणीक मळणारा. भाडं द्यायचा, पण ते राहू द्या. रुकमिनची पोरं टेक्सासला जाऊन बसली, तेव्हा हिचं ब्लडप्रेशर कोण बघत होतं? चैत्रामच. ती वरून चमच्याने पाइप वाजवायची, की हा ताट घेऊन हजर.

"भौजी, पाइप जोरात वाजवला म्हणजे आज मासळी दिसते."

"नाकाने जगतोस तू, मेल्या. हात धुतलेस?"

एका वर्षी आमच्या कोपऱ्यावरच्या घरी शहराचे तपासनीस आले. तळघर रिकामं करा म्हणाले आणि दारावर नोटीस डकवली. संध्याकाळी तिथे राहणारे नवरा-बायको लेकरासकट फुटपाथवर, पिशव्यांवर बसलेले. ते बघून रुकमिनने जी धास्ती घेतली ती कायमची. घरी आल्याआल्या तिने आतून तळघरात उतरणारा जिना बंद केला. त्याच्यापुढे कपाट सरकवलं, भांड्यांनी भरलेलं. चैत्रामला राहिलं घराशेजारच्या बोळातलं एकच दार. आणि वर तंबी दिली.

"पाइप वाजला तर मी. दार वाजलं तर कुणी नाही. दिवा बंद करायचा, टीव्ही बंद करायचा आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचा. कळलं?"

"आणि भौजी, शिंक आली तर?"

"गिळायची!"

आम्ही किती हसलो होतो तेव्हा. पण ते दोघांच्या अंगवळणी पडलं. मीटर बघणारा येवो, पत्रवाला येवो, खालचा दिवा पटकन विझायचा. आणि रुकमिनला कुणी विचारायचा अवकाश, की "खाली फक्त खोकी आहेत, बाबा" हे तिच्या तोंडून आपोआप सुटायचं. झोपेत विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

मग मंदिरात आरतीनंतर एक बाई बोलायला आल्या, मिस डेलगाडो नावाच्या. म्हणाल्या, शहराची योजना आहे, तुमचं तळघर स्वतःहून दाखवा. दंड नाही. बाहेर पडायला दुसरं दार, मागच्या अंगणात उघडणारी मोठी खिडकी, धुराची घंटा, सगळ्याला अनुदान मिळेल. माणूस उघडपणे राहील.

रुकमिन माझ्या कानात पुटपुटली, "उंदराला चीज दाखवतेय बघ."

"अगं, ऐकून तर घे," मी म्हटलं. "तुझ्या त्या खोलीला एकच दार आहे. तो रोज रात्री तिथे झोपतो. काही झालं तर?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

चिडली, पण झोप उडाली तिची. आठवडाभर मला फोन करून तेच. बॉयलर हल्ली घुरघुरतो गं. चैत्राम खोकतो गं. एकदा म्हणाली, "दीदी, काल मी त्या कपाटापुढे उभी राहिले आणि मला असं वाटलं की त्याला मीच कोंडलंय." शेवटी केला अर्ज. शहराचा माणूस मापं घेऊन गेला. अनुदान मंजूर झालं. चैत्रामने त्या दिवशी मागच्या भिंतीवर खडूने खिडकी आखली आणि पडदा कुठल्या रंगाचा घ्यायचा यावर भौजीशी भांडला. राहिला होता फक्त भिंत फोडायचा परवाना.

तुम्ही म्हणाल, मग सुटली की. कसली सुटते! उलट भीती दुप्पट झाली. "आता त्यांना माझं घर माहीत झालंय," ती म्हणायची. "परवान्याच्या आधी भलताच कुणी येऊन टपकला तर?" कपाट जागचं हललं नाही. चैत्रामला तीच तंबी, अजून कडक. "परवाना हातात पडेपर्यंत दार उघडायचं नाही. देव आला तरी नाही." मला तेव्हा काहीतरी खुपलं होतं. काय ते सांगता आलं नसतं.

त्या रविवारी चैत्रामला सुट्टी होती. दुपारी बोळाच्या पलीकडच्या घरात चार्जिंगला लावलेल्या सायकलची बॅटरी फुटली. आवाज ऐकून मी बाहेर आले तर खिडकीतून धूर, आणि थोड्याच वेळात बंब गल्लीत शिरले. जवान शेजारची घरं रिकामी करत सुटले. रुकमिन चपला न घालता पायऱ्यांवर आली, पिठाच्या हातांनी. जवान ओरडला, "घरात अजून कोण आहे?"

"कोणी नाही."

"तळघरात?"

"खाली फक्त खोकी आहेत, बाबा."

मी रस्त्याच्या या बाजूला होते. बंबांच्या आवाजात मला तिचे ओठ हललेले दिसले, शब्द ऐकू आले नाहीत; ते तिनेच मला नंतर सांगितले. दुसऱ्या जवानाने बोळात जाऊन खालच्या दारावर दणादण मुठी मारल्या. थोडा थांबला. आतून काही नाही. तो पुढच्या घराकडे पळाला.

रुकमिन माझ्याजवळ आली, पदर नाही काही नाही. मी तिला धरलं आणि विचारलं, "चैत्राम कुठाय?"

तिने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा देवाने वैऱ्यालाही दाखवू नये. "खाली," ती म्हणाली. आणि मग किंचाळली, "खाली! खाली माणूस आहे! माझा माणूस आहे खाली!"

तोवर बोळ पेटला होता. पलीकडच्या घराच्या भिंतीला बाहेरून मढवलेलं प्लास्टिक वितळून जळत खाली पडत होतं, खालच्या दाराशी जाता येईना. जवान घरात घुसले, कपाट आडवं पाडलं, भांडी जिन्याने गडगडत गेली. त्यांना तो त्या बंद जिन्याच्या वरच्या पायरीवर सापडला, धुराने गुदमरून गेलेला. ठोकत असणार. भांड्यांनी भरलेल्या कपाटामागून काय ऐकू येणार? दिवा बंद होता. टीव्ही बंद होता. म्हणजे मुठी पडल्या तेव्हा तो जागा होता आणि शहाण्यासारखा गप्प बसला होता.

हॉस्पिटलमध्ये पोलिसाने विचारलं, हा तुमचा कोण? राहायचा कुठे? तिने सगळं सांगितलं, न लपवता. शहराने दंड केला नाही. नंतर परवानाही आला. मिस डेलगाडो दारात उभ्या राहून रडल्या. रुकमिनने काम करवून घेतलं. आता मागे मोठी खिडकी आहे, दुसरं दार आहे, छताला घंटा आहे. तिथे कुणी राहत नाही.

परवा मी तिच्याकडे बसले होते. पार्सलवाल्याने बेल वाजवली. रुकमिन धडपडत उठली, दार उघडलं आणि त्या अनोळखी पोराने तोंड उघडायच्या आत त्याचा दंड घट्ट पकडून म्हणाली, "बाबा, खाली माणूस आहे."