पेन खाली ठेवायच्या आत

कारेलीबागेतली शलाका शिर्के एका विमा कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. दावा मंजूर करायचा की नाही, हे ठरवणारे नियम त्या जावा प्रोग्राममध्ये असतात. पूर्वी प्रत्येक दाव्याला ते नव्याने कंपाइल व्हायचे, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवले जायचे, दावे तुंबायचे आणि माणसं इस्पितळात ताटकळत बसायची. आजारी माणसाला ताटकळत ठेवणं हे शलाकाच्या लेखी पापच. तिने नियम एकदाच कंपाइल करून कॅशमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी हाताशी, ठेवले. उत्तर क्षणात यायला लागलं. नंदेसरीच्या रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांनी, तुकोजीरावांनी, त्या आनंदात सगळ्या सोसायटीला लीलो चेवडो, तो बटाट्याचा ओलसर चिवडा, वाटला.

यंदा त्यांचीच फुप्फुसं बिघडली. पॉलिसी त्याच कंपनीची. इस्पितळातल्या काउंटरवरच्या बाईंनी दावा पाठवला आणि त्यांनी पेन खाली ठेवायच्या आत उत्तर आलं: नामंजूर. आजाराची सुरुवात कारखान्यातली, पॉलिसीच्या आधीची होती. तो नियम शलाकाला पाठ होता. उत्तर बरोबर होतं.

व्हीलचेअरमधून तुकोजीरावांनी मान वर करून शेजारी उभ्या शलाकाकडे पाहिलं.

"इतक्यात? अगं, कोणी वाचलं तरी का?"