अय्यूब मिस्त्रीच्या अठरा खुंट्या

अय्यूब मिस्त्रीला गोल्फ म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याचं त्याला काडीचंही दुःख नव्हतं. १९५९ साली वणीबाहेर, गाडीवाटेला लागून, क्लबच्या साहेबांनी माळावर नऊ भोकांचं मैदान आखलं. पहिला टोला कुठून मारायचा ते दाखवायला दर भोकामागे दोन लाकडी खुंट्या हव्या होत्या. गवत झिजू नये म्हणून त्या रोज उपटून थोड्या सरकवायच्या, रंग उडाला की रंगवायच्या. टायरच्या गाड्या आल्यापासून मिस्त्रीचे हात रिकामेच होते. त्याने हे काम अंगावर घेतलं.

पण जन्मभर बैलगाड्या केलेले हात ते! खुंटी म्हटली की त्यांतून शिवळच उतरायची, म्हणजे बैलाची मान जुवात अडकवायची खुंटी. बाभळीच्या अठरा झाल्या, लाल रंगात झकास दिसल्या. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अकराच उरलेल्या.

चोरी म्हणावी तर तसंही नाही. आमच्याकडे रीतच होती, वाटेत शिवळ मोडली तर मिस्त्रीच्या दारातली उचलायची आणि मागून सांगायचं. तांड्यावरचा धावजी सांगायला आलाही. "मिस्त्री, तुमची शिवळ घेतली बरं का. वाटेवरच लावून ठेवल्या, लय सोय केली!"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. क्लबच्या सेक्रेटरीने बजावलं, "रविवारी सामना आहे. अठरा दिसल्या नाहीत तर नागपूरहून लोखंडी आणतो. मग तुझं काम नाही."

"जुन्या मागून आना ना," बिस्मिल्लाबी नवऱ्याला म्हणाली.

"लोकायचे बैल सोडू काय? नव्या करतो. जुवात जाणारच नाहीत अशा."

बोलणं सोपं होतं. हात आपसूक निमुळतं तासत, की हा स्वतःलाच शिव्या घालून तुकडा फेकून देई. तीन दिवस असेच गेले. अखेर आखूड, जाड, लोट्याएवढ्या डोक्याच्या अठरा खुंट्या झाल्या.

रविवारी सकाळी सेक्रेटरीने त्या मोजल्या आणि मान हलवली. काम टिकलं. मिस्त्री खुशीत निघाला, तर कडेला नेमसिंग गाडीवान थांबलेला. त्याची शिवळ मोडली होती, आणि हातातली लाल खुंटी जुवात काही केल्या जाईना.

"मिस्त्री, हे काय केलं? हात गेला तुमचा."

सेक्रेटरीच्या धमकीला न डगमगलेल्या माणसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने खुंटी हिसकावून जागेवर रोवली. बाभळीची फांदी तोडली, पिशवीतली वाकस काढली आणि तिथेच मांडी घालून तासू लागला. साहेबलोक खेळ थांबवून बघत राहिले. शिवळ एका ठोक्यात जुवात बसली.

"आता बोल," तो म्हणाला.