भरलेली बॅटरी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, विहारात सोबत बसणाऱ्यांना नाही. बायकोला तर नाहीच — खोटं तिच्याशीच बोललो होतो. मी सातवी नापास माणूस. लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

आधी गाडीचं सांगतो. तीस वर्षं मी हेंद्रेपाड्यातून अंबरनाथला कारखान्यात सायकलने गेलो. रिटायर झालो, तरी तिकडेच एका वर्कशॉपच्या गेटवर बसायला जायचो. मग छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, चढ चढू नका, वजन उचलू नका. तेव्हा बॅटरीच्या सायकली नव्या निघाल्या होत्या. लायसन नको, पासिंग नको. सुमन — माझी बायको — घरी बसून जीनच्या पँटींचे धागे कापायची. त्यातून तिने साठवलेलं आणि मला उल्हासनगरला घेऊन गेली. दुकानदार म्हणाला, "काका, पेडल तो सिर्फ शो का है." सुमन किती हसली! मला वाटतं, लग्नात नव्हती हसली एवढी.

पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर कारखान्यातला जुना सोबती रघू ओरडला, "काय रे, सेल टाकून आलास? घरी तुला पण चार्जिंगला लावते का वहिनी?" सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं. एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच.

दुसऱ्या दिवसापासून मी किल्ली फिरवायचो ती फक्त कोपऱ्यापर्यंत. सुमन गॅलरीत उभी असायची ना — तिला दिसावं म्हणून. कोपरा वळला की बंद. मग ते सगळं लोखंड पायांनी मारत न्यायचं. साध्या सायकलीच्या दुप्पट जड. मांड्या पेटायच्या. टपरीवर पोचलो की म्हणायचो, बॅटरी कशाला, पाय आहेत अजून. आणि घरी विचारलं तर — मस्त पळते गं, पाय हलवावा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात पाप काय? थांबा.

बॅटरी काढून घरात आणून चार्ज करावी लागायची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मला वजन उचलायचं नाही. म्हणजे कोण आणणार? रोज संध्याकाळी ती वर आणायची, लोडशेडिंगची वेळ सांभाळून लावायची, सकाळी खाली नेऊन बसवायची. बारा-तेरा किलोचा तो डबा. भरलेला खाली नेला, भरलेलाच वर आणला. दोन वर्षं.

एका वाक्याचं काम होतं. सुमन, राहू दे खाली, वापरलीच नाही. नाही बोललो.

गेल्या वर्षी ती गेली. छातीचं दुखणं माझं, गेली ती. बॅटरीमुळे, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

महिन्याभराने पुन्हा कामावर निघालो. बॅटरी दाराशी होती, तिने ठेवली होती तिथेच. मी पहिल्यांदा उचलली. खाली येईपर्यंत बोटं वळली. पुलाच्या चढावर त्या दिवशी पाय चालेनात. उतरलो. उभा राहिलो. आणि किल्ली फिरवली.

काय सांगू तुम्हाला! गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही — पाठीला कुणी हात लावून ढकलावं तशी. नवीन लग्न झालं तेव्हा सायकलवर तांदळाची गोण असली की सुमन अशीच मागून ढकलायची. मी वळून पाहिलं. खरंच पाहिलं. पुलावर एक म्हैस होती, बाकी कुणी नाही.

संध्याकाळी चार्जर लावला तर लाल दिवा जाईना. मला वाटलं बिघडला. शेजारच्या भारतीला बोलावलं. ती म्हणाली, "काका, रिकामी असली की लालच राहतो. तुमची तर लावली की दोन मिनिटांत हिरवी व्हायची. काकू हसायच्या. म्हणायच्या, बघ, आमचा बैल अजून स्वतःच गाडी ओढतोय."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून.

"मी म्हटलं पण त्यांना, मग वर कशाला आणता? तर म्हणाल्या, एखाद दिवशी दमतील गं. त्या दिवशी भरलेली नको?"

मी खाली बसलो. असं माणूस असतं? माझ्या घरात होतं, माझ्या ताटात वाढत होतं — आणि मी त्याला फसवतोय असं मला वाटत होतं! पुलावर मला चढवलं ते तिनेच भरून ठेवलेल्या बॅटरीने.

एक राहिलं. तेच सांगायचं होतं, बाकीचं लांबण लावलं.

आता बॅटरी मीच वर आणतो. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर भिंतीला पंज्याएवढा काळा डाग पडलाय. ती तिथे टेकून दम खायची. तिथून आमचं दार सात पायऱ्यांवर. मी आत खुर्चीत असायचो. तिची धाप मला ऐकू यायची, रोज.

मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.