चिंचेखालचा बाबर

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील आणि अक्षरही धड नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर लेखणी सुटली ती वाणसामानाच्या यादीपुरतीच पुन्हा हाती आली. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं. आमच्या धाकट्या भावजींनी जेवढा अभ्यास केला तेवढा निजामाच्या मुलखात दुसऱ्या कुणी केला नसेल, आणि नुसत्या अभ्यासानं सारं गाव भेदरवून सोडलं असेल असाही दुसरा कुणी झाला नसेल.

वाटूरहून पायी तासाभरावर आमचं गाव. भावजी माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. जालन्याला नातेवाइकांकडे राहून ते मॅट्रिकला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा नापास झाले. घरात बोलणं मराठी, शाळेत सगळे विषय उर्दूतून, त्यामुळे रात्री पाठ केलेलं सकाळी उडून जायचं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी ते घरी बसूनच तिसऱ्यांदा तयारी करत होते. सासऱ्यांनी सगळ्यांच्या देखत बजावून ठेवलं होतं, "या खेपेला न्हाई झालं तर पुस्तकं चुलीत अन् तू औतामागं. अन् फीचा एक पैसा म्या देणार न्हाई." परीक्षा औरंगाबादला, म्हणून फी, तिथलं गाडीभाडं, तिथं राहण्याचा खर्च, सगळं मिळून निजामाच्या नाण्यातले वीस हाली रुपये लागत होते. ते मी दिले. माहेरून निघताना वडिलांनी दिलेले होते, पेटीच्या तळाशी. मालकांना सांगितलं नाही. भावजींच्या समोर उभं राहून बोलायची मला हिंमत नव्हती, म्हणून पुरचुंडी त्यांच्या पुस्तकांवर ठेवून आले. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराबाहेरून म्हणाले, "वैनी, पास झालो तर फेडीन. न्हाई झालो तरी फेडीन, पण मंग लई दिवस लागतील."

या खेपेला त्यांनी अभ्यासाची नवी रीत काढली होती. त्यांचं म्हणणं असं, की धडा डोक्यात ठेवला तर डोक्याबरोबर फिरतो आणि कुठं तरी पडतो. म्हणून तो एका जागी नेऊन ठेवायचा आणि लागेल तेव्हा तिथं जाऊन विचारायचा. इतिहास त्यांनी आमच्या शेताच्या बांधावरच्या चिंचेखाली ठेवला. भूमिती विहिरीच्या पायऱ्यांवर, एका पायरीला एक सिद्धान्त. भूगोल कडब्याच्या गंजीमागं. फारसीला जागा मिळेना, तेव्हा ती म्हशीच्या गोठ्यात गेली. एका जागी पुस्तक एकदाच न्यायचं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं जाऊन विचारायचं, मग चार दिवसांनी, मग आठ दिवसांनी. जागा विसरली असं वाटलं तरच पुस्तक पुन्हा न्यायचं. सासूबाई विचारायच्या, "कुठं चाल्ला रे उन्हाचा?" तर म्हणायचे, "शेरशहाला भेटून येतो, चार दिवस झाले." निघताना जागेला हात जोडायचे. मालक हसले तर म्हणायचे, "दादा, आपल्यासाठी कुणी काही सांभाळून ठेवलं तर एवढं तर करावं."

इथवर हसण्यासारखं होतं. पण ते जागेला प्रश्न विचारायचे तो जालन्याच्या शाळेतल्या मास्तरांच्या जाड आवाजात, आणि उत्तर द्यायचे ते स्वतःच्या बारीक आवाजात. भर दुपारी, पाखरूसुद्धा बोलत नाही अशा वेळी, चिंचेखालून दोन माणसांचं बोलणं यायचं आणि पाहावं तर माणूस एकच. शेजारची काशीबाई विहिरीवरून घागर रिकामीच घेऊन परत आली आणि मला म्हणाली, "तुझा दीर हिरीत कुणाशी बोलतो गं? पायऱ्यांवर दोघं बोलत व्हते अन् वर आला एकटाच." मी तिला समजावलं. पण चार दिवसांनी भावजी परगावी गेले असताना मी त्याच विहिरीवर धुणं धूत होते. खालून तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मुसल्लस के तीनों जाविये मिलकर दो कायमे के बराबर." त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. पुढं कितीतरी दिवसांनी भावजींनी सांगितलं, की त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन, असा सिद्धान्त आहे तो, आणि तिसऱ्याच पायरीचा. त्या दिवशी मात्र मी धुणं तसंच ओलं उचलून घरी आले.

मी स्वतःला त्याचं एक कारण देऊन ठेवलं होतं. भावजींची भाकरी मीच रोज घेऊन जात असे. त्यांना हाक मारायला लाज वाटे, म्हणून बोलणं संपेपर्यंत बांधामागं नाहीतर विहिरीच्या काठाला उभी राहायची. ऐकून ऐकून कानात राहिलं असेल. काशीबाईच्या कानात मात्र असं काही राहिलं नव्हतं, तरी तिला त्या पायऱ्या उतरताना कुणीतरी बाजूला सरकून वाट देतंय असं वाटायचं. म्हसरं राखणारा एक म्हातारा चिंचेखाली झोपला आणि उठल्यावर तीन वेळा "पानीपत, पानीपत" म्हणाला. गोठ्यातली म्हैस फारसी संपेपर्यंत पान्हा सोडेनाशी झाली, तेव्हा सासूबाई धार काढायला बसल्या की आधी भावजींना बोलवायच्या, "ये बाबा, म्हण तुझं काय ते."

शेवटी गावातली चार माणसं सासऱ्यांकडे आली. बायका त्या वाटेनं जाईनात, चिंचेला काहीतरी लागलंय, झाड तोडा म्हणाली. भावजी कळवळून सांगत होते, "अहो, बाबर आहे तो, दुसरं कुणी न्हाई." त्यानं तर लोक जास्तच घाबरले. परीक्षेला तीन आठवडे असताना चिंच तोडली.

दुसऱ्या दिवशी भावजी खोडावर जाऊन बसले आणि दुपारी परत आले ते वेगळेच. "वैनी, गेलं सारं," दाराबाहेरून म्हणाले. "पुस्तक उघडतो तर अक्षरं दिसतात, पण बोलून कुणीच न्हाई राह्यलं." बाकीच्या जागा जाग्यावर होत्या, पण एका विषयात गेले तरी नापासच. मी जात्यावर ज्वारी दळत होते. मला सासऱ्यांचं औत दिसलं, चूल दिसली, माझी रिकामी पेटीही दिसली. मी दाराकडे पाठ केली, पदर पुढं ओढला आणि जात्याच्या घरघरीत म्हणाले, "बाबर फरगना के बादशाह का बेटा था."

बाहेर ते ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. मग ते मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "आगे?"

मी पुढचं सांगितलं. तीन आठवडे मी दळत होते आणि ते ओट्यावर दाराकडे पाठ करून बसत. झाड पडल्यावर इतिहास माझ्याकडे मुक्कामाला आला, असं त्यांचं मत झालं. घरात एवढं पीठ कधी झालं नव्हतं. सासूबाईंनी शेजारीपाजारी वाटलं.

ते औरंगाबादला गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत होते आणि माझं तोंड बोलायला लागलं. बाबर, हुमायून, शेरशहा, ओळीनं. थांबवायचा प्रयत्न केला तर दात वाजायला लागले. सूप हातातून सुटलं. सासूबाई धावत आल्या, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, काही होईना. अकबराचा महसूल चालू होता तेव्हा त्यांनी घाबरून गुळाचा मोठा खडा माझ्या तोंडात कोंबला. तरी मी गूळ चघळत बोलतच राहिले, औरंगजेब दख्खनेत उतरेपर्यंत. मग एकदम थांबले. सासूबाईंनी मला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही, मालकांनाही नाही. त्यांनीही सांगितलं नाही. भावजी परत येईपर्यंत मी त्यांच्यावर नजर ठेवून होते.

भावजी परत आले. मी गुळपाण्याचा तांब्या दाराशी ठेवला. पाणी पिऊन ते हळूच म्हणाले, "वैनी, तिसऱ्या दिवशी इतिहासाच्या पेपराला लई बराबर सांगितलं तुम्ही. फक्त अकबरापाशी तुमच्या तोंडात काय व्हतं? शब्द चिकट येऊन राह्यले व्हते."

माझ्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. ते हसले आणि आत गेले.

ते पास झाले. सासऱ्यांनी पेढे वाटले आणि चिंचेच्या लाकडाचा पलंग भावजींसाठी करून घेतला. त्यावर भावजी कधी झोपले नाहीत. पुढं त्यांना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर नोकरी लागली, लांब, परभणीच्याही पलीकडे. शेरवानी आली, बोलणं बेताचं झालं. घरी आले तर विहिरीवरून सरळ निघून जात. हात जोडणं नाही की कुणाला काही विचारणं नाही. काशीबाई पाणी भरायला लागली. म्हैसही इतर म्हशींसारखी दूध देऊ लागली. माझ्यातूनही ते सगळं कधी निघून गेलं ते कळलं नाही. एका सकाळी दळताना सहज आठवायला गेले तर जात्याची घरघर तेवढी ऐकू आली. घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं. मला तेवढं वाटलं नाही.

दर सुटीला ते पाच पाच रुपये आणून उंबऱ्यावर ठेवत. चौथ्या खेपेला दिवाळी होती. शेवटचे पाच ठेवून ते तसेच उभे राहिले.

"मोजून घ्या वैनी. आता काही राह्यलं न्हाई ना?"

बाबरानंतर कोण, एवढं एकदा त्यांना विचारावं असं फार मनात आलं. पण त्यांच्याशी बोलायला माझ्या हाताखाली जातं नव्हतं. मी रुपये मोजले, पदराच्या गाठीला बांधले आणि म्हटलं, "न्हाई भावजी. वीसच्या वीस आले."