विलायतेला गेलेलं जातं

धाकटीला विलायतेला जायचंय हे मला आखाजीला माहेरी आल्यावर कळलं, आणि तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही. मत्सर वाईट म्हणतात. असेल. पण ज्यांनी मला हे सांगितलं त्यांच्यापैकी एकाचीही बहीण विलायतेला गेलेली नव्हती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघी दरवर्षी जळगावला येत असू. मी यावलकडून बैलगाडीने, ती धुळ्याहून मोटारीने. दारच्या कडुलिंबाला झोका बांधलेला असे. त्या वर्षी मी गाडीतून उतरले तर झोका रिकामा होता आणि गल्लीतल्या बायका आमच्या ओसरीवर गोळा झालेल्या. मध्ये दोन नव्याकोऱ्या लोखंडी ट्रंका होत्या, आणि त्यांतल्या एकीवर धाकटी बसली होती.

"अक्का, माले विलायतले जानं शे," ती म्हणाली. अशा आवाजात, की कोणी तिला विहिरीत उडी टाकायला सांगितलं असावं.

धुळ्याच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठचा खटला विलायतेतल्या मोठ्या कोर्टात अपिलात गेला होता. तिचा नवरा वकील. कागदपत्रं घेऊन त्यानं जावं आणि तिथल्या बॅरिस्टरच्या हाताखाली बसावं असं शेठनं ठरवलं. पण वकिलाच्या आईनं घर डोक्यावर घेतलं. समुद्र ओलांडून परक्याच्या हातचं खाल्लं तर परत उंबरठा चढू देणार नाही म्हणाली. शेवटी तडजोड अशी निघाली की बायकोला बरोबर न्यायचं आणि तिच्याच हातचं खायचं. दोघांचा खर्च शेठ करायला तयार झाला. म्हणजे माझी बहीण विलायतेला निघाली होती ती वकिलाची चूल म्हणून. पण हे मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त बोट दिसत होती.

आता माझ्या जळफळाटाचं मूळ सांगते, नाहीतर मी उगीचच कुढी ठरेन. आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, जळगावात मराठी शाळेचे हेडमास्तर होते. शेती पहूरकडे, ती काका बघत. भुसावळला रेल्वेतला एक साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात नानांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं. लंडन शहर प्रवाशानं कसं पाहावं, याचं ते पुस्तक होतं. त्यात घडी घातलेला मोठा नकाशा होता. नानांनी मला इंग्रजी शिकवलं ते त्या पुस्तकावरच. बाकीच्या मुली भोंडल्याची गाणी पाठ करत तेव्हा मी रस्ते पाठ करत होते. कोणत्या स्टेशनावर उतरलं की कोणत्या हाताला वळायचं, कोणत्या पुलावरून सूर्य मावळताना बघायचा, सगळं मला येत होतं. धाकटीला त्या पुस्तकाचा एकच उपयोग ठाऊक होता. ती त्याच्याखाली पापड दाबून ठेवायची.

आणि वकील. ते स्थळ आलं होतं माझ्यासाठी. बघायला आले तेव्हा त्याच्या काकांनी विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो का?" मी म्हटलं, "येतो. इंग्रजीही येतं." नाना खूश झाले, त्याचे काका झाले नाहीत. तेवढ्यात धाकटी मान खाली घालून पोह्यांच्या बशा घेऊन आली. चार दिवसांनी निरोप आला, की मोठी फार हुशार आहे, धाकटी आम्हाला पसंत आहे. मोठीच्या आधी धाकटीचं कसं करायचं म्हणून माझ्यासाठी घाईघाईनं यावलकडचे केळीवाले पाहिले, आणि एकाच मांडवात दोघींचे हात पिवळे झाले. माझा नवरा मनानं चांगला होता, हे इथंच सांगून टाकते. पण चांगल्या माणसाबरोबर केळीच्या बागेत राहणं वेगळं आणि विलायत वेगळी.

तर ट्रंका भरायचं काम माझ्याकडे आलं. "अक्कासारखं भरता कोनलेच येत नही," माय म्हणाली. माय मूळची धुळ्याकडची, शेवटपर्यंत तिकडचंच बोलली. मी पदर खोचला आणि बसले. दुसऱ्याच्या लग्नात वाढपी होण्यातलाच प्रकार, पण निदान पंगत तरी आपल्या हातानं बसवावी असं मला वाटलं.

मी पुस्तक समोर उघडून ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की त्या शहरात पायांची काळजी आधी घ्यावी, पाऊस केव्हाही येतो, आणि कपडे थोडे पण गरम असावेत. मी त्याप्रमाणे लावायला सुरुवात केली. शिंप्याकडून गरम फलाणीच्या कापडाची पोलकी शिवून आणली. लोकरीचे मोजे, शाल, नानांची मोठी छत्री. आणि तळाशी माझे बूट.

ते काळे बूट नानांनी मला घेतले होते, पुण्याला मास्तरणीच्या कॉलेजात जायचं ठरत होतं तेव्हा. ठरलं नाही. बूट कोरेच राहिले. धाकटीचा आणि माझा पाय एकाच मापाचा. मी तिला ते घालून ओसरीवर चालायला लावलं. ती बदकासारखी चालली आणि गल्लीतल्या बायका हसल्या. मी हसले नाही. मला वाटत होतं, मी नाही तर नाही, माझे बूट तरी त्या रस्त्यांवरून चालू देत. खरं सांगायचं तर हेही मत्सरातूनच होतं. तिनं जावं ते माझ्या पायांनी जावं, असा माझा हिशेब होता.

पण मायचा हिशेब वेगळा होता. "तठे काय भेटस? बठ्ठं आठेनच लई जानं पडी," सगळं इथूनच न्यायचं असं म्हणत ती ट्रंकेशी येई आणि प्रत्येक वेळी काहीतरी आत जाई. उडदाचे पापड गेले, ज्वारीचे बिबडे गेले, काळ्या मसाल्याचा डबा, मेण लावून तोंड बांधलेली लोणच्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी, पोळपाट, लाटणं, तवा. मी सकाळी रचायचे आणि दुपारी बघावं तर माझे मोजे बाहेर आणि कुरडया आत. आमच्या भांडणात धाकटी कोणाचीच बाजू घेत नसे. ती नुसती घाबरलेली असायची. "अक्का, माले भ्याव वाटस," असं दिवसातून दहादा म्हणे, आणि माझा तिळपापड होई. दात आहेत तिथं चणे नाहीत आणि चणे आहेत तिथं दात नाहीत, हे मी तोपर्यंत नुसतं ऐकलं होतं.

ज्वारीच्या पिठाचा डबा आला तेव्हा मला वाटलं, आता मी जिंकले.

"पीठ तिथं पोचेपर्यंत कडू होईल," मी म्हटलं. "बोटीवरच तीन आठवडे जातात. वकील काय कडू भाकरी खाणार आहेत?"

माय विचार करत आत गेली. मी डबा उचलून बाजूला ठेवला आणि त्या जागी छत्री बसवली. संध्याकाळी माय आली ती शेजारच्या दोन पोरांच्या हातून एक छोटं जातं उचलून घेऊन. आमच्याकडे मेतकूट, हळद दळायला असतं तसलं, पण दगड तो दगडच. मागून ज्वारीची पिशवी.

"पीठ कडू व्हस, दाना व्हत नही," माय म्हणाली. "दररोज दळी, दररोज खाई."

मी नानांकडे पाहिलं. इतकी पुस्तकं वाचलेला माणूस काहीतरी बोलेल अशी माझी समजूत होती. नाना म्हणाले, "तुझ्या आईचं म्हणणं तर्काला धरून आहे." मी रागानं वकिलाकडे धाव घेतली. तो तिला न्यायला आलेला होता आणि झोक्यावर बसून आंबा चोखत होता. म्हटलं, लंडनला कोणी दगडी जातं नेतं का, लोक हसतील. तो म्हणाला, "हसू द्या. भाकरीशिवाय माझं पोट चालत नाही. आणि अक्का, तुम्ही कधी लंडनला गेलात? उंटावरून शेळ्या कशाला हाकता?"

मी परत ट्रंकेकडे आले. याच माणसासमोर मी एकदा इंग्रजी येतं म्हणून सांगितलं होतं.

जातं ट्रंकेत बसलं. ट्रंक दोन हमालांना उचलेना. जळगाव स्टेशनवर ती गाडीत चढवताना हमालानं वकिलाला विचारलं, की आत काय देऊळ भरलंय का. धाकटी खिडकीशी बसून रडत होती. मीही रडत होते, आणि बायका म्हणाल्या, बघा बहिणीची माया. गाडी गेल्यावर घरी आले तर पलंगाखाली माझे बूट, छत्री आणि मोजे नीट एका रांगेत ठेवलेले होते. मायनं काढले होते. "जोडा काय खानार शे का ती?" एवढंच म्हणाली.

ती गेली आणि पावसाळाभर मी केळीच्या बागेत तिच्याबरोबर फिरत होते. आता ती या रस्त्यानं जात असेल, आता पुलावर थांबली असेल, असं म्हणत पुस्तकातली पानं उलटत बसायची. नवरा म्हणायचा, "काबरं एवढं जीवाला लावून घेते?" त्याला काय सांगणार. दुसऱ्या बाईच्या डोळ्यांनी बघायची मला सवय लागली होती, आणि ती बाई मला आवडत नव्हती.

दिवाळीनंतर ते दोघं परत आले. अपील शेठच्या बाजूनं लागलं, धुळ्याला मिरवणूक निघाली म्हणे. संक्रांतीला धाकटी जळगावला आली तेव्हा मी आधीच येऊन बसले होते. तिला पाणीसुद्धा पिऊ न देता मी आतल्या खोलीत नेलं.

"पूल पाहिलास?"

"कोनता पूल, अक्का?"

मी एकेक विचारत गेले. मोठी बाग, राजवाडा, तो घड्याळाचा मनोरा, जुन्या वस्तूंचं ते संग्रहालय जिथं आपल्याकडचेच दगड नेऊन ठेवलेत. ती प्रत्येकाला मान हलवत होती, नाही म्हणून. मग तिनं सांगितलं. एक खोली होती. वकील सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. ती पहाटे उठून जातं ओढायची. खाली राहणारी मडमीण काठीनं छत ठोकायची, म्हणून जात्याखाली चादर, तिच्यावर पोतं, आणि मग हळूहळू दळायचं. एका रविवारी वकिलांनी तिकडे शिकणारे दोन मराठी मुलगे जेवायला आणले. त्यांनी भाकरी पाहिली आणि डोळ्यांत पाणी आणलं. पुढच्या रविवारी सहा आले. मग रोजच कोणीतरी. ज्वारी संपली तेव्हा तिला वाटलं सुटले, पण त्यांनी कुठूनसा गहू मिळवून आणला.

"मग बाहेर कधी गेलीस?"

"जाऊ नं. पन सयपाक कोन करी?" ती म्हणाली. आणि मग चेहरा उजळून म्हणाली, "बठ्ठा म्हनेत, वहिनी, अशी भाकर आम्ही घरी बी खाल्ली नही."

तिला मी मारलं नाही एवढंच. आयुष्यात मला कोणाचा इतका राग आलेला आठवत नाही. जी गोष्ट माझी होती ती तिला मिळाली, एवढं मी कसंबसं गिळलं होतं. पण तिनं ती घेऊन चुलीपुढे बसून घालवावी? न खाता टाकून द्यावी? चोरानं निदान चोरलेलं वापरावं तरी. मी तिला बोलले ते इथं लिहीत नाही. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तू ऱ्हातीस ते तू बाहेर गयी असती, अक्का. तुना नवरा उपाशी ऱ्हाता." यात टोमणा होता की कौतुक, मला आजही ठरवता येत नाही.

संध्याकाळी हळदीकुंकू होतं. एरवी आमच्याकडे गल्लीतल्या बायका येत, त्या दिवशी अर्धं जळगाव आलं. विलायतेहून आलेली बाई कशी दिसते ते बघायचं होतं सगळ्यांना. धाकटीला मधोमध बसवायचा बेत होता, पण ती तबक घेऊन हळदकुंकू लावत फिरतच राहिली. शेवटी वकिलाच्याच नात्यातली एक वयस्क बाई म्हणाली, "अगं, सांग तरी विलायत कशी आहे!"

धाकटी तबक धरून उभी. तिचा चेहरा तसाच झाला जसा ट्रंकेवर बसली होती तेव्हा होता. मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

"अक्का सांगी. तिले बठ्ठं माहीत शे."

बायका हसल्या. त्यांना वाटलं लाजतेय. मला नाही म्हणता आलं असतं. पण मी इतकी वर्षं गप्प बसलेली होते. मी म्हटलं, ऐका. गाडीतून उतरलं की काचेचं छप्पर लागतं, धुरानं काळं झालेलं. बाहेर आलं की डाव्या हाताला वळायचं. दुकानांच्या काचा माणसाच्या दुप्पट उंच. धुकं असलं की दुपारी दिवे लावतात. मी रस्त्यामागून रस्ता सांगत गेले, कुठेही अडले नाही. बायकांच्या हातांतला तिळगूळ हातातच राहिला. सरळ गेलं की दगडी कठडा येतो, मी म्हटलं, त्याला टेकून उभं राहिलं की खाली नदी, तापीएवढी रुंद नाही, पण भरून वाहते, आणि तिच्यावर बोटी, एकीमागे एक.

"अक्का," धाकटी मध्येच म्हणाली, "तठे नदी शे का?"

सगळ्या वळून तिच्याकडे बघायला लागल्या. ती कोणत्या गल्लीत राहिली होती ते मी दुपारीच विचारून घेतलं होतं.

"आहे," मी म्हटलं. "तुझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखी."

तिनं तबक खाली ठेवलं आणि बायकांमध्ये जागा करून बसली.

"मंग पुढे सांग," ती म्हणाली.