ब्रेकवरचं रबर

बायको वारल्यावर तिची इलेक्ट्रिक स्कूटर चार महिने अंगणात तशीच उभी होती. परवा सकाळी मी ती चार्जिंगला लावली, सीटवरची धूळ झटकली अन् चावी फिरवली. दिवे लागले, हॉर्न वाजला, बॅटरी फुल दिसत होती; पण मूठ कितीही पिळली तरी चाक हलेना. मी साइड स्टँड पाहिला, फ्यूज काढून परत बसवला, वायरी चाचपल्या. शेवटी चिडून गाडीला एक लाथ घातली अन् देऊळघाटच्या मेकॅनिकला फोन लावला.

"ब्रेक दाबेल तर नाही ना, भाऊ? ब्रेक दाबेल असला की मोटर चालतच नाही."

मी वाकून पाहिलं. ब्रेकची दांडी मुठीशी आवळून तिथं तिचं केसांचं काळं रबर गुंडाळलेलं होतं. आमचं अंगण उतरतं आहे. गाडी घरंगळू नये म्हणून ती नेहमी असंच करायची.

दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी तिला धड उभं राहवत नव्हतं. रिक्षा दारात आली, तरी ती भिंत धरत धरत आधी गाडीकडे गेली. मी पिशव्या घेऊन रिक्षात बसलो होतो. तिथूनच ओरडलो, "काय करून राह्यली तिथं? उशीर होऊन राह्यला ना!"

"आली, आली," म्हणत ती आली. केस मोकळेच होते. रस्ताभर ते माझ्या तोंडावर उडत होते, अन् मी चिडून ते बाजूला सारत होतो.